आमच्यानंतरचं घर

तोक्योजवळच्या ग्योतोकुत नवीन मराठी कुटुंब आलं की त्यांना वस्ती दाखवायचं काम माझ्याकडे येतं. मला कोणी नेमलेलं नाही. इथल्या मराठी बायकांमध्ये सर्वांत जुनी मीच उरले आहे, आणि फाफटपसारा न करता दोन तासांत मला सगळं दाखवता येतं. रविवारी दहाला स्टेशनच्या जिन्याखाली भेटायचं. चालायचे बूट घाला, एवढंच आधी सांगते.

फेरीचा क्रम ठरलेला आहे. आधी रेल्वेच्या पुलाखालची सायकली लावायची जागा, कारण सायकल भलत्या ठिकाणी लावली की ती उचलून नेतात आणि सोडवून आणण्यात अर्धा दिवस जातो. मग भारतीय दुकान. तिथे पोहे मिळतात, पण पातळच. मग सरकारी कचेरी, दातांचा डॉक्टर, मुलांचा डॉक्टर. मुलांची शाळा नदीपलीकडे एदोगावात, तिची बस थांबते तो कोपरा. मग देवळांचा जुना रस्ता, आणि शेवटी नदी. नदीपाशी सगळे फोटो काढतात. मी तोवर बाकावर बसून पाणी पिते.

नवीन आलेल्यांना वाटतं, एवढे भारतीय राहतात म्हणजे जागा चांगली असणार. जागा चांगली म्हणून कोणी इथे आलेलं नाही. तोझाई लाइन थेट ऑफिसांच्या भागात नेते, आणि नदी ओलांडली की त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते. पहिले चार जण त्यासाठी आले. बाकीचे त्या चौघांना बघून आले. पूर्वी इथे मिठागरं होती, समुद्रातलं शेवाळ काढून चटयांवर वाळवायचा धंदा होता. त्यानंतर भराव टाकला, रेल्वे आली, इमारती आल्या. आता जुन्या घरांपैकी दरवर्षी दोन-तीन पडतात आणि त्यांच्या जागी फ्लॅट होतात. भाड्याने घेणारे बहुतेक आपले असतात.

त्या रविवारी मुंबईहून बँकेत बदली होऊन आलेलं एक जोडपं होतं. मुलगी तीनेक वर्षांची, बाबागाडीत झोपलेली. त्याला सगळं मोजायचं होतं, स्टेशनपासून किती मिनिटं, शाळेच्या बसपासून किती. तिने औषधांच्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि ते ती तोंडाने बोलत नव्हती, पण प्रत्येक दुकानात शिरून, हातवारे करून, मोडक्या जपानीत काहीतरी विचारून बाहेर येत होती. मला ती आवडली. शेवटी आम्ही माझ्याच गल्लीत, माझ्या शेजारच्या इमारतीत आलो. क्रीम रंगाची, सहा फ्लॅटांची, तेव्हा पाच वर्षांची. पाचांत भारतीय होते, एक रिकामा होता. घरं दाखवणारा एजंट तिथे थांबलेला होता. तिने ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडली आणि म्हणाली, "काकू, हेच."

मग खिडकीतून खाली बघत तिने विचारलं, "इथे आधी काय होतं?"

हा प्रश्न त्याआधी मला कोणी विचारलेला नव्हता. मी म्हणाले, घर होतं, एक म्हातारी बाई राहायची. तिने मान हलवली. तो एजंटला गॅसबद्दल विचारत होता. विषय तिथेच संपला.

ते घर गेलं त्यात माझा हात किती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. अजिबात नव्हता असं मात्र म्हणता येत नाही.

त्यासाठी पॅडबद्दल सांगायला हवं. इथे गल्लीतल्या दहा-बारा घरांचा एक गट असतो आणि गटाला एक प्रमुख, त्याला हानचो म्हणतात. गटात एक पॅड फिरतं, आपल्याकडे परीक्षेला न्यायचो तसलंच, वर क्लिप असलेलं. त्यावर सूचनांचे कागद लावलेले असतात, शाळेची कवायत, गटारं साफ करायचा दिवस, कोणी वारलं तर ते. सगळ्यात वर घरांची यादी. आपण वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पॅड पुढच्या घराच्या दाराला अडकवायचं. बेल वाजवायची गरज नाही. त्याचं जपानी नाव आहे, पण आम्ही घरात पॅडच म्हणायचो.

आम्ही या गल्लीत आलो तेव्हा आमची दोन भारतीय घरं यादीत सगळ्यात शेवटी होती, आमची दारं मधोमध असूनही. कारण उघड होतं. भारतीय घरात पॅड आलं की ते नवऱ्याची वाट बघत पडायचं. बायकांना कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचता येत नसे, नवरे रात्री उशिरा यायचे, आल्यावर त्यांना नको असायचं. तीन-तीन दिवस पॅड चपलांच्या कपाटावर. शेवटी ठेवलं की कोणाचं अडत नव्हतं. मला हे समजायला वर्ष लागलं, आणि समजल्यावर राग आला. मी इथे पाहुणी म्हणून राहत नव्हते. मी कचरा वेळेवर टाकत होते, गटारं साफ करायला हातमोजे घालून सगळ्यांच्या आधी उभी असायचे. शिक्कासुद्धा करून घेतला होता. आमचं आडनाव लांब, त्यामुळे शिक्केवाल्याने ते दोन ओळींत बसवलं होतं.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. तिला घेऊन मी हानचोंकडे गेले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, बुटके, व्यवस्थित गृहस्थ. मी तिला म्हणाले, "विचार त्यांना, आम्ही शेवटी का? परदेशी म्हणून का?" तिने काय विचारलं कोण जाणे. माझ्या वाक्यापेक्षा तिचं बरंच लांब होतं आणि मधे ती दोनदा वाकली. त्यांनी ऐकून घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पुढच्या महिन्यापासून दारांच्या क्रमाने लावतो म्हणाले. म्हणजे आधी त्यांचं घर, मग आमचं, मग आमच्या डाव्या हाताची आजी, मग बाकीचे. दुसऱ्या भारतीय कुटुंबाने सांगितलं, आम्ही शेवटीच बरे.

नवऱ्याला मी हे मोठ्या विजयासारखं सांगितलं. तो म्हणाला, "काय मिळवलंस? आता वाचायला लागेल."

वाचायला मुलगी होती. शाळेतून आली की ती मला सूचना मोठ्याने वाचून दाखवायची, मी शिक्का मारायचे आणि जाऊन आजींच्या फाटकाला पॅड अडकवून यायचे. संध्याकाळ होऊ दिली नाही कधी. सव्वा वर्ष, एकदाही नाही.

आजी म्हणजे तेव्हा ऐंशीला आलेली बाई. एकटी राहायची. नवऱ्याच्या घरचा शेवाळाचा धंदा होता. त्या वेळच्या बांबूच्या चटया अजून मागच्या पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. घर बसकं, लाकडी, दारात पर्सिमनचं झाड, ज्याला इथे काकी म्हणतात. आमच्या घरी यावरून विनोद होता की शेजारी आजी राहते आणि तिच्या दारात काकी उभी आहे. दर शरद ऋतूत ती फळं एका पिशवीत घालून आमच्या दाराला लटकवायची, पॅडसारखीच, बेल न वाजवता. रोज सकाळी फाटकासमोरच्या रस्त्यावर लाकडी ओगराळ्याने पाणी शिंपडायची. त्यासाठी फाटकाशी एक बादली असायची. आम्ही एकमेकींशी हवेबद्दल बोलायचो. त्याहून जास्त बोलण्याइतकं जपानी मला येत नव्हतं आणि तिलाही गरज वाटत नसावी.

२०११च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपाबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलं आहे, मी लिहीत नाही. आमच्या भागात माणसं दगावली नाहीत. भरावाची जमीन, त्यामुळे रस्त्यांतून करड्या रंगाचा गाळ वर आला, फुटपाथ उचलले गेले, खांब तिरके झाले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप फुटला आणि पाणी गेलं. वीज आळीपाळीने जायची. उत्तरेकडच्या अणुभट्टीचा स्फोट टीव्हीवर दिसला तेव्हापासून पुण्याहून फोन थांबेनात. सासरे एरवी फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. त्यांनी सहाव्या दिवशी सकाळी सांगितलं, "नोकरी गेली तर जाऊ दे. नात घेऊन ये." नवऱ्याच्या कंपनीने त्याला ओसाकाच्या ऑफिसात हलवायचं ठरवलं होतं. आमची तिकिटं त्याच दिवशी संध्याकाळची मिळाली. विमानतळावर गाड्या पोचतील याची खात्री नव्हती, म्हणून बाराच्या आत घर सोडायचं होतं.

त्या सकाळी साडेनऊला पॅड आलं.

दाराला अडकवलेलं दिसलं, मी आत घेतलं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलं. जाताना शिक्का मारून आजींच्या फाटकाला लावू, असं मनात होतं. हे मला नीट आठवतं. मग मी फ्रिज रिकामा करायला लागले. शाळा बंद होती, मुलगी घरी होती. ती कपाटाशी उभी राहून नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागली. आज आणि उद्या, सकाळी आणि दुपारी, बागेत पाण्याची गाडी येईल. भांडी आपापली आणा. ज्यांना पाणी उचलणं जमणार नाही त्यांनी आपल्या नावापुढे गोल करा, हानचो घरी पाणी आणून देतील.

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "आपल्याला काय करायचंय पाणी? आपण निघालो. जा, पासपोर्टचं पाकीट आण."

ती पाकीट आणायला गेली. जाण्याआधी तिने त्या आठवड्याची वर्तमानपत्रं उचलून कपाटावर टाकली, कारण मीच तिला जमीन मोकळी कर म्हणून सांगितलं होतं. बाराला दहा कमी असताना आम्ही निघालो. दोन बॅगा, एक मूल, दाराला दोनदा कुलूप. आजींच्या फाटकासमोरून गेलो. बादली होती, पाणी नव्हतं. पडदा ओढलेला होता. मी थांबले नाही.

पुण्यात अडीच महिने राहिलो. तिथे सगळे मला सुटून आलेली समजत होते आणि मी तसं समजू देत होते. पॅडची आठवण एकदाही झाली नाही. मुलीला झाली असेल तर ती बोलली नाही.

जूनमध्ये परत आलो. दार उघडल्यावर आत कोंदट वास होता. मी खिडक्या उघडल्या, मग कपाटावरची वर्तमानपत्रं बांधायला घेतली, इथे रद्दी दोरीने बांधून ठेवावी लागते म्हणून. तिसऱ्या वर्तमानपत्राखाली पॅड निघालं. यादीत हानचोंचा शिक्का होता. त्याखालच्या आमच्या चौकटीत काहीच नव्हतं. त्याच्याखाली आजींची चौकट, तीही कोरी, आणि शेजारी गोल करायची जागा.

मुलगी माझ्या मागे उभी होती. ती जपानीत म्हणाली, "शेजारी कोणी नाहीये." मी बाहेर जाऊन बघितलं. लाकडी झडपा लावलेल्या, फाटकाला साखळी, आणि झाडाखाली सुपारीएवढी हिरवी फळं गळून पडलेली, कोणी झाडली नव्हती.

पॅड घेऊन मी हानचोंकडे गेले. ते दोन्ही हातांनी घेऊन वाकले, जसं मी काही उसनं नेलेलं वेळेवर परत केलं होतं. सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. बागेत पाण्याची गाडी आली तेव्हा बाकीच्या घरांना रस्त्यावरून, मुलांकडून, फोनवर कळलं. आजींना सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी दोन चाकांची बाजाराची पिशवी ओढत शाळेपर्यंत गेल्या, कारण पहिल्या दिवसापासून गाडी तिथे येत होती आणि त्यांना तेवढंच माहीत होतं. परत येताना उचललेल्या फुटपाथवर पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. पॅड फिरून परत आलं नाही हे हानचोंच्या लक्षात आलं ते त्याच दुपारी. मग ते नवीन कागद करून घरोघर गेले.

"चूक माझी," ते म्हणाले. "अशा वेळी दार वाजवून सांगायचं असतं. मी सवयीने पॅड अडकवलं."

मी म्हणाले, चूक माझी. त्यांनी हात हलवला. मग म्हणाले, तुम्ही परत आलात हे बरं झालं, पुष्कळ लोक परत आलेले नाहीत. ते ओरडले असते तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. ते पुन्हा वाकले, मी वाकले आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात नवीन पॅड आलं. ते दाराला अडकवलेलं मी बघितलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. वर बघितलं तर सगळ्यांचे शिक्के आधीच होते. आमचं नाव शेवटी होतं. याबद्दल कोणी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही.

आजींना मुलाने चिबा प्रांताच्या आतल्या भागातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. पत्ता हानचोंनी लिहून दिला. ऑक्टोबरमध्ये मी मुलीला घेऊन गेले. दोन गाड्या आणि एक बस. आजींच्याच झाडाची फळं घेऊन गेले होते. साखळीवरून हात घालून पोचतील तेवढी काढली होती. आजी चाकांच्या खुर्चीत होती, अंगाने अर्धी झालेली, पण डोकं ठीक होतं. तिने मला ओळखलं, मुलगी उंच झाली म्हणाली, हवेबद्दल बोलली. मी पुस्तकातून पाठ करून गेलेलं माफीचं वाक्य म्हटलं. ती "नाही, नाही" म्हणाली आणि फळांकडे बघायला लागली.

तेवढ्यात मुलगी बोलली. मी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

"तो कागद मी वाचला होता," ती म्हणाली. "पाण्याचा. मग त्याच्यावर पेपर ठेवले. तुम्ही वाट बघत होता का?"

आजीने तिच्याकडे नीट वळून बघितलं. मला वाटलं, पुन्हा नाही म्हणेल.

"बघत होते," ती म्हणाली. "तुमच्यानंतर माझं घर ना. तुमच्याकडून कधी उशीर होत नाही. येईल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले. मधेच जाऊन मागणं बरं दिसत नाही."

ती दोष देत नव्हती. पोरीने सरळ विचारलं, तिने सरळ सांगितलं. मग फळांतलं एक हातात घेऊन म्हणाली, यंदा छाटणी झाली नाही, फळ लहान आहे.

बसमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिला मराठीत म्हणाले की तिची काही चूक नाही, चूक मोठ्या माणसाची. तिने जपानीत "हं" म्हटलं. ती आज विद्यापीठात आहे, क्योतोला. हा विषय आमच्यात पुन्हा निघालेला नाही. पण घरात कुठलाही कागद आला तरी ती तो लगेच जिथल्या तिथे पोचवते.

मी आजींकडे आणखी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तिने मला ओळखलं नाही. दुसऱ्या वर्षाअखेर तिच्या मुलाचं करड्या काठाचं पोस्टकार्ड आलं. घरात मृत्यू झाला असल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, असं छापलेलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात घर पाडायला यंत्र आलं. तीन दिवसांत काम झालं. चटया, झाड, पत्रे, सगळं एकाच ट्रकमध्ये गेलं. वर्षभराने तिथे क्रीम रंगाची इमारत उभी राहिली आणि पहिल्या रविवारी मी एका पुणेरी जोडप्याला ती दाखवली. जागा चांगली होती. ऊन चांगलं यायचं. दाखवायची नाही असं कारण मला सुचलं नाही.

आता गटात बारा घरं आहेत, त्यांतली सात भारतीय. जुने हानचो शहाऐंशी वर्षांचे आहेत, बायको गेली, एकटे राहतात. हानचोपद पाळीने फिरतं. माझी पाळी आली ती दोन वर्षं झाली तरी माझ्याकडेच आहे, कारण पुढच्यांना वेळ नाही. क्रम मीच लावते. आधी मी, मग जुने हानचो, मग उरलेली चार जपानी घरं, मग सहा फ्लॅट. भारतीयांनी कधी तक्रार केली नाही. फोनवरच्या ग्रुपवर मी सगळ्या सूचना मराठीत आणि इंग्रजीत टाकतेच. पॅड म्हणजे त्यांच्या लेखी म्हाताऱ्यांची हौस.

नवीन आलेल्या त्या बाईने तक्रार केली. राहायला येऊन दोन महिने झाले होते. पॅड हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. नवराही मागे होता, मुलीला कडेवर घेऊन.

"काकू, माझं दार तुमच्या शेजारी आहे. मग मी बारावी का? भारतीय म्हणून?"

नवरा हसून म्हणाला, "अगं, शाळेत पहिला नंबर काढलास ना, पुरे झालं. इथे शेवटची राहा."

"तू गप्प बस," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला आत बोलावलं, चहा टाकला आणि जे वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. मुलीला काय म्हणाले होते तेसुद्धा. सांगायला मला दहा मिनिटं लागली. नवऱ्याने मधेच मुलीला खाली ठेवलं. ती मात्र आमच्यामधल्या भिंतीकडे बघत होती, ज्या भिंतीपलीकडे आता तिचं स्वयंपाकघर आहे.

"वाईट झालं," ती म्हणाली. "पण ते तुमच्याकडून झालं. माझ्याकडून नाही."

"बरोबर."

"मग मला द्या ना तुमच्यानंतर. मी कांजी शिकतेय. रोज एक तास."

"नाही," मी म्हणाले.

तिने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेली. त्या दिवसापासून ती मला भेटली की नमस्कार करते, पण थांबत नाही. रविवारच्या फेरीला मला मदत करीन म्हणाली होती, तेही तिथेच राहिलं. तिचा राग योग्य आहे. मीही तिच्या जागी होते तेव्हा माझा योग्य होता.

मी नाही का म्हणाले, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारून पाहिलं आहे. ती हुशार आहे, नेटकी आहे, तिच्याकडून उशीर होत नाही. शेवटून पॅड माझ्याकडे परत येतं ते तिच्याकडूनच. ज्या दिवशी तिच्याकडे जातं त्याच दिवशी, सरळ शिक्का मारलेलं, माझ्या दाराला अडकवलेलं असतं. एकदाही चुकलेलं नाही. पण मीही सव्वा वर्ष चुकले नव्हते. चुकायला एकच सकाळ लागते, आणि ती सकाळ आली की तिच्याही सासऱ्यांचा फोन येईल, तिलाही लेकराला घेऊन निघावं लागेल, आणि निघायलाच हवं. तिने जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त तेव्हा तिच्यानंतर कोणी थांबलेलं नसावं.

गेल्या आठवड्यात पॅड घेऊन मी जुन्या हानचोंकडे गेले. त्यांच्याकडे मी ते अडकवत नाही. बेल वाजवते आणि ते येईपर्यंत उभी राहते. त्यांना यायला बराच वेळ लागतो. आधी आतून खोकला ऐकू येतो, मग काठी, मग कडी. त्यांनी दारातच बसून चष्मा लावला, सगळे कागद वाचले. वादळाची सूचना होती. पुराचं पाणी आलं तर शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जायचं, एकट्याने जाता येणार नसेल तर गोल करा. त्यांनी गोल केला. शिक्का शाईच्या डबीत दाबताना म्हणाले, तुमच्या शेजारच्या नवीन बाई त्यांनाही भेटून गेल्या, जपानी बरं बोलतात.

"त्यांना मधे का घेत नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी मी असेनच असं नाही." ते हसले. मग शिक्का उचलून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही मागितलंत तेव्हा मी दिलं होतं."

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."

त्यांनी शिक्का मारला, तो वाकडा बसला, त्यावर फुंकर घातली आणि पॅड दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. मी वाकले आणि पुढच्या घरी निघाले. क्रीम इमारतीच्या गॅलरीत ती कपडे वाळत घालत होती. तिने मला पॅड घेऊन जाताना बघितलं, चिमटा लावला आणि आत गेली. तिच्या घरापर्यंत पोचायला पॅडला अजून चार-पाच दिवस होते.